बार्शीची नोंदवही आणि न दुखणारी गाठ

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेत शिकणाऱ्या मुलीने कर्करोगावर लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. त्यासाठी विज्ञान शाखेची मंडळी आहेत, असेही कुणी म्हणेल. पण या विषयावर मिळेल ते वाचू लागल्यावर माझ्या लक्षात आले की, हा आजार निम्मा वैद्यकाचा आहे आणि उरलेला निम्मा आपल्या समाजशास्त्राच्या आणि मराठीच्या तासाला बसणारा आहे. पहिली अडचण शब्दाचीच येते. ‘स्तन’ हा शब्द पाठ्यपुस्तकात आहे, जुन्या काव्यात तर विपुल आहे. पण आमच्या घरी तो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी लेकराला ‘अंगावर पाजतात’ आणि दुखणेही ‘अंगावर काढतात’. बाईला त्या जागी काही झाले तर ती दवाखान्यात ‘छातीत होतंय’ एवढेच सांगते. समोरचे डॉक्टर पुरुष असले तर ते पाठीला नळी लावून खोकला आहे का विचारतात, औषध लिहून देतात आणि बाई हायसे वाटून घरी येते. हा विनोद नाही. असे घडल्याचे मी एकीपेक्षा अधिक बायकांकडून ऐकले आहे.

कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते, परळचे टाटा रुग्णालय येते. खेड्यातल्या कर्करोगाची पहिली नीट मोजदाद मात्र आपल्या जवळच, बार्शीला झाली. बार्शी म्हटली की जुन्या लोकांना ती छोट्या रुळांची रेल्वे आठवते, व्यापाऱ्यांना तुरीचा बाजार आठवतो. वैद्यकाच्या जगात या गावाचे नाव वेगळ्याच कारणाने घेतले जाते. तेथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. (अभिनेत्री नर्गिस १९८१ साली याच आजाराच्या दुसऱ्या एका प्रकाराने गेल्या.) या रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा आणि भूम, अशा तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात घेतली होती. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. आपले उदगीरही १९८२ साली लातूर जिल्हा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तेव्हा या नोंदवहीतली गावे आपल्या गावांची सख्खी भावंडेच म्हटली पाहिजेत : तीच ज्वारी, तीच पाण्याची ओढ, तीच लग्नाची वये.

नोंदणी म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. रुग्णालयाच्या रजिस्टरवरून आपल्याला एवढेच कळते की इतके रोगी आले. जे आलेच नाहीत त्यांचे काय? शिवाय जे आले ते किती लोकसंख्येतून आले? शंभर रोगी एक लाखातून आले की दहा लाखांतून, यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी करावी लागते. ठरावीक प्रदेश आखून घ्यायचा आणि त्या हद्दीत राहणाऱ्या ज्या कोणाला कर्करोग होईल त्याची नोंद करायची. मग तो उपचारासाठी सोलापूरला जावो, पुण्याला जावो की कोठेच न जाता घरी पडून राहो. आपल्या देशात हे काम पहिल्यांदा मुंबईत १९६३ साली सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटीने ते केले आणि डॉ. डी. जे. जस्सावाला यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. शहरात हे तुलनेने सोपे. रुग्णालये ठरलेली, मृत्यूचा दाखला ठरलेला. खेड्यात कोण कशाने गेले याचा कागद कोठे असतो? ‘पोटात झालं होतं’, ‘वाळत गेली’, एवढ्यावर एका माणसाचे आयुष्य मिटते.

बार्शीच्या लोकांनी यावर जो उपाय काढला तो मला फार आवडला. त्यांनी गावागावांत कार्यकर्ते पाठवले. हे कार्यकर्ते गावात जाऊन बसत, लोकांशी बोलत, कर्करोगाची लक्षणे साध्या भाषेत सांगत आणि असे कोणाला काही आहे काय, असे विचारत. संशय आला तर त्या माणसाला तपासणीसाठी बार्शीला आणण्याची व्यवस्था करत. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत जाऊन आपल्या तीन तालुक्यांतील कोणी तेथे आले होते काय, हेही पाहत. ठरल्याप्रमाणे पुन्हा त्याच गावी जात. उद्देश मोजण्याचा होता. पण मोजता मोजता एक वेगळीच गोष्ट घडली. काही वर्षांत असे दिसू लागले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येत आहेत. नवे औषध आले नव्हते, नवे यंत्र आले नव्हते. गावात येऊन कोणीतरी विचारत होते, एवढेच. श्रीमती कस्तुरी जयंत, डॉ. भ. म. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हे प्रसिद्ध केले.

आता या वहीत स्तनाच्या कर्करोगाबद्दल काय निघाले ते पाहू. निघाले ते कोणालाही बुचकळ्यात टाकणारे होते. सुरुवातीच्या वर्षांत बार्शी परिसरातील बायकांत या रोगाचे प्रमाण मुंबईच्या साधारण एक-तृतीयांशच भरले. येथे कोणी म्हणेल की खेड्यात तरुण माणसे जास्त, म्हणून रोग कमी दिसतो. शंका रास्त आहे. आमच्या वसतिगृहात पांढऱ्या केसांची माणसे मोजली आणि गावच्या भजनी मंडळात मोजली, तर वसतिगृहाच्या पाण्यात काही गुण आहे असे कोणी म्हणणार नाही. म्हणून नोंदणीवाले वयाचा फरक गणिताने काढून टाकतात आणि मगच दोन ठिकाणांची तुलना करतात. तसे करूनही फरक उरला. तो आजही पुसलेला नाही. २०१२ ते २०१६ या वर्षांचा राष्ट्रीय अहवाल २०२० साली निघाला. त्यात सर्व प्रकारचे कर्करोग धरून स्त्रियांतील सर्वांत कमी दर देशात उस्मानाबाद व बीड या भागाचा होता : दर लाखामागे ४९.४. अरुणाचलच्या पापुम पारे जिल्ह्यात तोच २१९.८ होता.

यामागचे कारण शोधताना इतिहासात मागे जावे लागते, आणि इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. इटलीतील पादुआ येथे बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. निरनिराळ्या धंद्यांतील लोकांना कोणते रोग होतात यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ सालच्या आवृत्तीत त्यांनी नोंदवले की मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग फार आढळतो. पुढे १८४२ साली रिगोनी-स्टर्न या दुसऱ्या इटालियन वैद्याने व्हेरोना शहराची १७६० पासून १८३९ पर्यंतची मृत्यूची दप्तरे चाळली. त्यालाही तेच दिसले. आणि आणखी असे दिसले की त्याच जोगिणींना गर्भाशयाचा कर्करोग मात्र क्वचितच होतो. संसारी बायकांत उलट. मुंबईच्या नोंदवहीत हेच चित्र वेगळ्या वेषात आले. तेथे पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा स्पष्टपणे अधिक आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे फारच कमी आढळले. पारशी समाजात लग्ने उशिरा, मुले थोडी, अविवाहित राहणाऱ्या स्त्रियाही बऱ्याच. आणि बार्शीत? बार्शीच्या वहीत सुरुवातीला पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा होता.

उलगडा असा आहे. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत बाईच्या शरीरात स्त्रीरसांचा चढउतार महिन्यामागून महिना चालू असतो आणि त्याबरोबर स्तनातील पेशी वाढत-ओसरत असतात. दिवस राहिले, मूल अंगावर पीत असले की या फेऱ्यांना विसावा मिळतो आणि पेशी पक्क्या होतात. ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली जो निष्कर्ष निघाला तो असा : अंगावर पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे या रोगाची शक्यता ४.३ टक्क्यांनी कमी होते आणि दर बाळंतपणामागे आणखी ७ टक्क्यांनी. आपल्या आज्यांनी पाच-सहा मुले दोन-दोन वर्षे पाजली. त्यांचा दर कमी असेल यात नवल नाही.

हे वाचून कोणी ‘आपल्या जुन्या चालीच बऱ्या’ असे म्हणू लागेल, त्याला मी थांबवू इच्छिते. ज्या बालविवाहांनी आणि लागोपाठच्या बाळंतपणांनी एका रोगापासून थोडे वाचवले, त्यांनीच दुसऱ्या रोगाच्या तोंडी दिले. शिवाय बाळंतपणात गेलेल्या मुलींची वही कोणी ठेवली होती? गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूने होतो तो शरीरसंबंधातून येतो आणि लहान वयातले लग्न, अनेक बाळंतपणे यांनी त्याला बळ मिळते. आता मुली शिकत आहेत, लग्ने थोडी पुढे गेली आहेत, एक-दोन मुलांवर थांबत आहेत. देशातील बहुतेक नोंदवह्यांत गर्भाशयमुखाचा आकडा उतरत आहे आणि स्तनाचा चढत आहे. म्हणजे या महाविद्यालयात बसलेल्या आम्हा मुलींचा आकडा आमच्या आज्यांचा राहणार नाही.

येथवर रोग समाजात कसा पसरलेला आहे ते झाले. पण बाई दगावते ती रोग शरीरात पसरल्यामुळे; स्तन काही जगायला आवश्यक अवयव नव्हे. दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या अस्तरात एखादी पेशी बिघडते, वाढत राहते आणि काही वर्षांनी हाताला लागेल एवढी गाठ होते. तिथून पेशी काखेतल्या गाठींत जातात, रक्तातून पाठीच्या मणक्यात, फुप्फुसात, यकृतात, मेंदूत जातात. कधी कधी बाई कंबरदुखी म्हणून येते आणि मूळ रोग स्तनात सापडतो. लंडनमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सगळीकडेच जाते. मग हा रोग यकृतात आणि हाडांत इतक्यांदा दिसतो आणि प्लीहेत क्वचितच, असे का? त्यांनी उत्तर दिले ते कोणाही शेतकऱ्याला पटेल. बी वाऱ्याबरोबर चहूकडे जाते, पण उगवते ते मानवेल त्याच जमिनीत. आमच्या चुलत्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग, खडकावर करडई येती का?” शंभरांहून अधिक वर्षे झाली, तरी संशोधक पॅजेट यांच्याच कल्पनेवर काम करीत आहेत.

पॅजेट यांच्याच काळात अमेरिकेत हॉलस्टेड नावाचे मोठे शल्यविशारद होते. त्यांचे म्हणणे वेगळे. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाते तसा रोग क्रमाने सरकतो. तेव्हा जितके दूरपर्यंत कापाल तितके बरे. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व गाठी काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी रूढ केली आणि पाऊणशे वर्षे तीच चालली. बाई वाचली तरी तिचा हात सुजलेला राही, खांदा आखडे. इटलीचे व्हेरोनेसी आणि अमेरिकेचे फिशर यांनी १९८०च्या दशकात मोठ्या प्रयोगांतून दाखवले की, गाठ लहान असताना तेवढीच काढून वर किरणोपचार दिले तरी बायका तितक्याच जगतात. वीस वर्षांनी, २००२ साली, पुन्हा तपासले तेव्हाही तेच निघाले. हे आपल्याकडच्या बायकांना कोणी सांगितलेलेच नाही. ‘दवाखान्यात गेलं की कापून टाकतात’ या भीतीने बाई घरी बसते आणि घरी बसण्यात जे महिने जातात त्यात लहान शस्त्रक्रियेची संधी निघून जाते.

दुसरी एक समजूत घरोघर आहे : ‘गाठीला चाकू लावला, हवा लागली की ती पसरते.’ मी याला अडाणीपणा म्हणून सोडून देणार नाही, कारण ज्यांनी हे पाहिले त्यांनी खरेच काही पाहिले आहे. गावातली एखादी बाई ऑपरेशन करून आली आणि वर्षात गेली, हे डोळ्यांनी पाहिलेले असते. मात्र ती ऑपरेशनला गेली तेव्हाच रोग आत दूरवर गेलेला होता, हे डोळ्यांना दिसत नाही. जो आधी येतो त्याला लोक कारण समजतात. तर्कशास्त्राच्या तासाला हा दोष आम्ही शिकलो आहोत. सुईने तुकडा घेऊन तपासल्याने रोग भडकत नाही. तपासल्यावाचून तर कोणताच उपचार ठरत नाही. गंमत अशी की शस्त्रक्रियेच्या वेळी काही पेशी सुटून रक्तात जात असाव्यात हा विचार डॉक्टरांनीही केला आहे आणि त्यावर आपल्याच मुंबईत काम झाले. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांवर प्रयोग झाला. अर्ध्या स्त्रियांना चीर देण्याच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती बधिरतेचे इंजेक्शन दिले. दात काढताना देतात तेच, अगदी स्वस्त. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला : पाच वर्षांनंतर जिवंत असण्याचे प्रमाण इंजेक्शन दिलेल्यांत ९०.१ टक्के, न दिलेल्यांत ८६.४ टक्के. पण हाही आकडा नीट वाचावा. इंजेक्शन न घेता ज्यांनी चाकू लावून घेतला त्यांतल्याही शंभरांपैकी शहाऐंशी पाच वर्षांनी जिवंत होत्या, कारण त्यांच्या गाठी वेळेवर सापडल्या होत्या.

वेळेचा हिशेब आता मोठ्या आकड्यांत पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने मेल्या. त्याच वर्षी अमेरिकेत नव्या रोगी सुमारे पावणेतीन लाख आणि मृत्यू ४३ हजारांच्या आसपास. तिकडे रोग जास्त आणि मरण कमी, इकडे उलटे. औषधांचा आणि पैशाचा फरक यात आहेच, तो मी नाकारीत नाही. आपल्याकडे बाई येते तीच उशिरा.

ती उशिरा का येते, हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या नात्यातल्या एक थोरल्या बाईंना आंघोळ करताना गाठ लागली ती आषाढात. पेरणी आटोपलेली, खुरपणी चालू. गाठ दुखत नव्हती. आपल्याकडे दुखेल ते दुखणे; जे दुखत नाही त्याला दवाखाना कशाला? पुढे सोयाबीनची काढणी आली, मग दिवाळी, मग धाकट्या मुलीची सोयरीक. सोयरीक जमेपर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. पोरीच्या सासरी ‘आईला असला रोग’ हे कळू नये म्हणून. नवऱ्याला सांगितले ते जखम होऊन पाणी येऊ लागल्यावर, माघात. सात महिने. या सात महिन्यांत त्या घरातला एकही माणूस वाईट वागला नाही. कोणी औषधाला पैसे नाकारले नाहीत, कोणी हात उगारला नाही. फक्त सगळी कामे त्या बाईच्या आधी होती आणि हा क्रम त्यांनी स्वतःच लावलेला होता. त्यांच्या उपचाराबद्दल मी येथे लिहीत नाही. त्या आज आहेत, एवढे पुरे.

ही लक्षणे तरी पाठ असावीत. न दुखणारी घट्ट गाठ, स्तनात किंवा काखेत. कातडी एके ठिकाणी आत ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसणे. बोंड आत जाणे, त्यातून रक्ताळ पाणी येणे. एका बाजूचा आकार बदलणे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच, विशेषतः आमच्या वयात. पण कोणती कसली हे घरी बसून ठरत नाही. (पुरुषांनाही हा रोग होतो; शंभर रोग्यांत एखादा पुरुष असतो. हे वर्गातील मित्रांच्या माहितीसाठी.)

मग खेड्यात हे शोधायचे कसे? क्ष-किरणांनी स्तनाचे चित्र घेणारी यंत्रे महाग, ती गावोगाव नेणे अवघड. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली साधा प्रश्न विचारला : नुसत्या हाताने तपासले तर? मुंबईच्या झोपडवस्त्यांचे २० गट पाडले. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्यांत आरोग्य कार्यकर्त्या बायकांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. उरलेल्या गटांत सुरुवातीला माहिती सांगितली आणि पुढे लक्ष ठेवले. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या आणि या एका कामासाठी तयार केलेल्या अशा त्या होत्या. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण अशा मुली आपल्या तालुक्यात शेकड्यांनी आहेत. निकाल यायला वीस वर्षे लागली. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या, अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते. दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण हाताचा उपाय सर्वांना सारखाच लागू पडतो असा समज होऊ नये.

अशी मोठी चाचणी आपल्याकडेही झाली आहे, ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. बार्शीच्याच मंडळींनी टाटा आणि आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गावगटांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात घेतले. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ बायका गेल्या. तपासणी न केलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. जगभर हा निकाल गाजला आणि अनेक देशांनी आपली धोरणे ठरवताना तो पाहिला. त्यावर टीकाही झाली : ज्या गटाला फक्त माहिती देऊन सोडले त्या बायकांचे काय, त्यांना पुरते समजावून संमती घेतली होती काय? ही टीका मला रास्त वाटते. ६४ हा आकडा वाचताना मला प्रत्येक वेळी ते आठवते. आपल्या जिल्ह्यांतल्या बायकांनी जगाला जे शिकवले त्याची किंमत त्यांनी दिली आहे. निदान त्याचा उपयोग आधी आपल्याकडे व्हावा.

तो झाला आहे का? कागदावर, होय. २०१६ पासून सरकारी धोरणात ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे. उपचाराच्या खर्चासाठी राज्यात महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाची योजना आहे आणि तिच्यात कर्करोग येतो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, तेव्हा स्तनाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे असे सांगणाऱ्या देशात ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकही पुरती नाही.

आमच्या गावच्या आशाताईंकडे एक छापील फॉर्म असतो. तिशीवरच्या प्रत्येक माणसाचा तो भरायचा. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, असे प्रश्न आहेत आणि बायकांसाठीच्या जास्तीच्या प्रश्नांत स्तनाबद्दलचे तीन : स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्ताळ स्राव होतो का, आकारात बदल झाला आहे का. मी त्यांना विचारले की हे प्रश्न तुम्ही कसे विचारता. त्या म्हणाल्या, “आधी घरात जाऊन विचारायची. सासरा ओसरीवर, पोरं पुढ्यात. प्रश्न पुरा व्हायच्या आतच बाई ‘न्हाई’ म्हणायची आणि मी ‘नाही’वर खूण करायची. तिन्ही खुणा एका दमात.” आता त्या फॉर्म घरात भरत नाहीत. लेकरांना लस द्यायच्या दिवशी बायका अंगणवाडीत जमतात. तिथे एकेकीला आतल्या खोलीत बोलावून, दार लोटून त्या विचारतात. ‘स्तन’ हा शब्द वाचत नाहीत. स्वतःच्या काखेला हात लावून दाखवतात आणि “इथं, नाहीतर इथं, कधी काय हाताला लागलं का गं?” असे म्हणतात. गेल्या वर्षी दोघींनी ‘होय’ म्हटले. दोघींनाही त्यांनी स्वतः एस. टी.ने लातूरला नेले. एकीची गाठ साधी निघाली. दुसरीचे उपचार चालू आहेत आणि डॉक्टरांनी तिची गाठच तेवढी काढली आहे.